बिनचांदणीचा रिपोर्ट

माझ्या वडिलांच्या नावापुढे चांदणी लागली त्या दिवशी आमच्या घरातला स्वयंपाक अर्ध्यावर थांबला. आईच्या नावापुढे लागली नाही, म्हणून तो अर्धा राहिलेला स्वयंपाक मग तिनंच पूर्ण केला. एवढी एकच गोष्ट आठवली तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. "आता रागावून काय उपयोग?" असं माझी वहिनी म्हणते. उपयोगासाठी कोण रागावतं?

चांदणी म्हणजे रक्ताच्या रिपोर्टातली खूण. मशीनमधून आकडा निघतो, त्याच्या बाजूला 'नॉर्मल' कुठून कुठपर्यंत ते छापलेलं असतं, आणि आकडा त्याच्या बाहेर गेला की पुढे एक छोटी चांदणी उमटते. चांदणी असली तर माणूस पेशंट, नसली तर ठणठणीत. आमच्या गावानं तरी असाच अर्थ लावला होता.

आमचं गाव किन्हीराजाच्या बाजूला, मालेगाव तालुक्यात. मी कारंज्याला असते, बाजार समितीतल्या एका अडतीवर काट्यावर बसते. तूर, सोयाबीन, हरभरा, जे येईल त्याचं वजन घेणं हे माझं काम. गावात आई, वडील, भाऊ आणि वहिनी. सणावाराला मी जाते, भांडते आणि परत येते.

त्या वर्षी सोयाबीन घरात आलं आणि भावानं कंदोरी केली. दर्ग्याला बोललेला नवस होता. आमच्याकडे हिंदू काय आणि मुसलमान काय, कंदोरी दोघंही करतात. बोकड कापतात, मुजावर फातेहा देतो आणि हंड्यातलं मटण सगळ्या गावाच्या ताटात पडतं. सगळ्या गावाच्या म्हणजे बाप्यांच्या. त्यांच्या पंगती आधी उठतात. बोट्या त्यांच्या ताटात जातात, कलेजी जावयांच्या ताटात जाते, आणि बायांची पंगत बसते तेव्हा हंड्यात पळी फिरवली तर ती कशालाही अडत नाही. नुसता रस्सा.

माझी आई त्या दिवशी सकाळपासून चुलवणापुढे उभी होती. तिचे गुडघे दुखतात, म्हणून भावानं आदल्या दिवशीच गावातल्या किराणा दुकानातून दुखण्याच्या गोळ्यांची पत्ती आणून दिली होती. "घे माय, उद्या दिवसभर उभं राहा लागते." हे त्याचं मायेचं बोलणं. ती गोळी ती काही त्याच दिवशी घेत नव्हती, कितीतरी वर्षं घेत होती. सकाळी झाडायला साळूता उचलायच्या आधी एक, रात्रीच्या भाकरी टाकायच्या आधी एक.

सगळ्यांचं झाल्यावर ती जेवायला बसली. मी हंडा तिरपा करून तळातून एक बोटी हुडकून काढली आणि तिच्या ताटात टाकली. तिनं ती उचलून माझ्या ताटात ठेवली.

"खाय ना वं माय."

"मले नाही आवडत बोटी. दातात अटकते."

माझ्या आईला बोटी आवडत नाही, घट्ट वरण पचत नाही, दुधानं कफ होतो आणि अंड्याचा वास येतो. अशा नाजूक पोटाच्या बाया मी आमच्या जिल्ह्यात घरोघरी पाहिल्या आहेत. बाप्या मात्र एकही पाहिला नाही. वरण सगळ्यांना वाढून झालं की ती भांड्यात पाणी ओतते, हातानं भांड्याच्या कडा निपटते, ते पांढुरकं पाणी भाकरीवर घेते आणि वरून मीठ भुरकते. यालाच ती वरण-भाकर म्हणते. भांडं आपोआप विसळलं जातं, हा वरचा फायदा.

कंदोरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिरात तपासणीचं शिबिर होतं. आसपासच्या गावांत दोघा-तिघांना डायलिसिस लागलेलं होतं, त्यामुळे किडनी हा शब्द ऐकला की माणसं बिचकत. सगळं गाव रांगेत उभं राहिलं. बाप्ये येताना रात्रीचं उरलेलं मटण भाकरीबरोबर हाणून आले होते. शिळ्या मटणाची गोडी ताज्याला नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. साखरेचं रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं, पण किडनीचं कधीही चालते, असं कुणीतरी सांगितलं होतं. आईला मी जबरदस्तीनं रांगेत उभं केलं. ती सकाळपासून हंडे घासत होती आणि तिच्या पोटात काळा चहा होता.

चार-पाच दिवसांनी रिपोर्ट मोबाईलवर आले. गावात हाहाकार उडाला. बऱ्याच बाप्यांच्या क्रिएटिनिन या किडनीच्या आकड्यापुढे चांदण्या. वडिलांचं एक पॉइंट चार. पारावर दुसरा विषय नाही.

"तुहं किती?"

"एक पॉइंट तीन."

"माहं एक पॉइंट पाच बाप्पा. झोपच नाही लागून राह्यली."

बायांना चांदण्या जवळजवळ नव्हत्याच. माझ्या आईचं एक पॉइंट एक, मर्यादेच्या आत, पुढे कोरी जागा. यावरून गावानं निष्कर्ष काढला की बोअरचं पाणी खराब झालंय आणि आपल्या बाया काटक आहेत. त्याच बोअरचं पाणी बायाही पितात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. लगेच बाप्यांसाठी थंड पाण्याचे जार सुरू झाले. ते जार उचलून चौरंगावर ठेवायचं काम काटक बायांकडे आलं.

आमच्या घरी वडील पेशंट झाले. तरुणपणी कुस्त्या खेळलेला माणूस, सत्तरीला टेकला तरी दंड मुसळासारखे. चांदणी लागल्यावर ते खाटेवर पडून बोलायला लागले. आवाजसुद्धा बारीक केला. भावानं त्यांचं मटण बंद केलं, आणि मटण गेलं म्हणून अशक्तपणा येईल या भीतीनं मालेगावहून पनीर आणलं, रात्री दुधात बदाम सुरू केले. कमी मिठाची भाजी वेगळी, घरच्यांची वेगळी. एका चुलीवर दोन स्वयंपाक. दोन्ही कोण करत होतं, ते सांगायला नको.

दिवाळीला मी गेले तर आईचे पाय सुजलेले. अंगठ्यानं दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. सकाळी डोळ्यांखालीही फुगलेलं असायचं. दोन पायऱ्या चढून आली की भिंतीला टेकायची.

"उभी राहू राहू भरून येतात पाय," ती म्हणाली. "बसलं जरासं, की उतरतात."

"मंग बस ना."

"बसून कसं चालन वं? त्याइचं पथ्याचं कोण करन?"

मी भावाला म्हटलं, "मायचे पाय पाह्यले का तुनं?"

"अवं तिचा रिपोर्ट नॉर्मल हाये."

"पाय पाह्यले का, ते विचारून राह्यली मी."

"आता रिपोर्टापेक्षा तुले जास्त समजते का? काट्यावर बसून तू डॉक्टर झाली का?"

वडील खाटेवरून बारीक आवाजात म्हणाले, "भांडू नका रे. मले धडधड होते."

आई मात्र त्या रिपोर्टावर खूश होती. आयुष्यात तिला कुणी चांगला म्हटलेला तो पहिलाच कागद असावा. शेजारणींना सांगायची, "माहं एकदम नॉर्मल निघालं." त्यामुळे थकवा आला की तिलाच स्वतःची लाज वाटायची. निरोगी माणसानं थकायचं कसं? दुपारी पाच मिनिटं आडवी व्हायची आणि कुणाची चाहूल लागली की ताडकन उठून तांदूळ निवडायला घ्यायची. वहिनी एकदा म्हणालीच, "रिपोर्ट चांगला हाये, मंग हे नखरे कायचे?" मी तिथे होते. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

वडिलांना अकोल्याच्या किडनीच्या डॉक्टरांकडे दाखवायचं ठरलं. गाडी ठरवली. आई त्यांचा कमी मिठाचा डबा घेऊन मागच्या सीटवर, कारण बाहेरचं त्यांना चालणार नाही. मी कारंज्याहून थेट अकोल्याला गेले. गाडीतून उतरताना पातूरच्या घाटातल्या वळणांनी तिचा चेहरा राखेसारखा झालेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा ते रस्त्याच्या शंभर खड्ड्यांतून घालून आले होते.

मी खिडकीवर आईच्याही नावानं नंबर लावला. भावानं माझा दंड धरला. "कायले? तिचं नॉर्मल हाये. डॉक्टर हासन आपल्याले."

"हासू दे."

डॉक्टर तरुण होते आणि बोलायला तुसडे. आधी वडिलांना पाहिलं. रिपोर्टावर नजर टाकली, वडिलांच्या दंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "रक्त दिलं त्याच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?"

"मटण," वडील म्हणाले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोठा निघाला. "कंदोरी होती ना साहेब. रात्रीही खाल्लं, सकाळीही खाल्लं."

"मग चांदणी नाही तर काय लागणार?" डॉक्टर म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा गाळ. किडनी तो रक्तातून गाळून बाहेर टाकते. किडनी बिघडली की तो रक्तात साचतो, म्हणून आपण तो मोजतो. पण अंगावर मांस जास्त असलं तर गाळही जास्त निघतो, आणि वरून शिजलेलं मटण खाल्लं की तेवढ्यापुरता आणखी वाढतो. पहिलवानाचा आकडा थोडा वर असणारच. त्यांनी वडिलांचं रक्त पुन्हा घ्यायला लावलं, लघवी तपासली. संध्याकाळपर्यंत कळलं, काही झालेलं नाही.

"मले काहीच नाही?" वडिलांनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता, खोटं कशाला सांगू.

मग आईचा नंबर आला. ती खुर्चीच्या कडेवर बसली, अर्धी. भाऊ दारातच उभा राहून म्हणाला, "हिचं नॉर्मल हाये साहेब, हे आमची बहीण उगाच..." आणि फोन आला म्हणून बाहेर गेला. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. आईला हात पुढे करायला सांगितला आणि दंडाला आपल्या बोटांचं कडं घातलं. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकलं, टेकून पुढे गेलं.

"वजन करा."

छत्तीस किलो. आमच्या अडतीवर धान्याचे याहून जड कट्टे हमाल एका हातानं ओढतात. मी वर्षानुवर्षं लोकांचा माल तोलत होते आणि माझ्या आईला आजवर कुणी काट्यावर उभं केलं नव्हतं.

"आधी कधी रक्त तपासलंय?"

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळचा रिपोर्ट माझ्या मोबाईलमध्ये होता, कारण तेव्हा मी बरोबर होते. मधे एकदा ताप आला होता, तेव्हाचाही होता. मोतीबिंदूच्या वेळी क्रिएटिनिन शून्य पॉइंट सहा, तापाच्या वेळी शून्य पॉइंट आठ, आता एक पॉइंट एक. तिन्ही वेळा मर्यादेच्या आत. तिन्ही वेळा चांदणी नाही.

डॉक्टरांनी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. मग मला म्हणाले, "हा आकडा छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहायचा नसतो. ह्यांचा ह्यांच्याच जुन्या आकड्याशी ताडायचा. हा जवळजवळ दुप्पट झालाय. दुप्पट झाला म्हणजे किडनीचं काम निम्म्यावर आलं, ढोबळमानानं. आणि ह्यांच्या अंगावर मांसच नाही. गाळ तयारच होत नाही, तर साचणार कुठून? तरीही एवढा साचलाय."

त्यांनी वय आणि वजन धरून हिशेब केला. किडनीचं काम तीस टक्क्यांच्या आसपास निघालं. ब्लड प्रेशर वाढलेलं होतं, ते आजवर कुणी मोजलंच नव्हतं. लघवीतून प्रथिनं जात होती. खात्रीसाठी त्यांनी आणखी एक रक्ताची तपासणी लिहून दिली, सिस्टॅटिन सी नावाची. हा पदार्थ शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी तयार करतात, त्याला दंड जाड की बारीक याच्याशी फारसं देणंघेणं नाही. तो रिपोर्ट दोन दिवसांनी आला आणि त्यानं डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरवलं.

"गोळ्या कोणत्या घेता?"

आईनं कमरेची पिशवी सोडली आणि दुखण्याच्या गोळ्यांची पत्ती टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उचलली आणि "वर्षानुवर्षं ह्या घेतल्या की किडनी जाते" म्हणत कचऱ्याच्या डब्यात टाकली. आईचा हात त्या डब्याकडे गेला. "साहेब, ते नसली तं मले उभं नाही राहता येत."

"उभं राहू नका," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इतक्या उशिरा आणलं?"

मला त्यांचाही राग आला. माझ्या आईचा दंड बोटांत मावतो हे सगळ्यांना दिसत होतं. गावाला दिसत होतं, घराला दिसत होतं, शिबिरात तिच्या दंडाला रबर बांधणाऱ्यांना दिसत होतं. त्यांना तर शीर शोधावी लागली नव्हती. तरी त्या मशीनला बसवलेली मर्यादा सगळ्यांना एकच. पहिलवानालाही तीच आणि जन्मभर भांड्याचं धुवण पिणाऱ्या बाईलाही तीच. तिनं डाळ खाल्ली नाही, मटण खाल्लं नाही, अंड्याला हात लावला नाही, म्हणून अंगावर मांस धरलं नाही, म्हणून आकडा चांगला आला, आणि आकडा चांगला आला म्हणून तिला कुणी आजारी म्हणेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोरानं संन्याशाला उपाशी ठेवलं होतं आणि वर पनीरही स्वतःच खाल्लं होतं.

मग पथ्याचं सुरू झालं. आईनं मान खाली घातली. आता आपलं आणखी काय काय जाणार, याची ती वाट पाहत होती.

"प्रोटीन फार नको," डॉक्टर म्हणाले, "किडनीवर भार पडतो. पण ठरलेलं हवंच. दोन्ही वेळा एक एक वाटी डाळ, घट्ट. दिवसाला एक अंडं. थोडं दही. यापुढे जायचं नाही."

आईनं मान वर केली. "एवढं?"

"यापेक्षा जास्त नाही. किडनीच्या पेशंटला मर्यादा पाळावी लागते."

"नाही साहेब, तसं नाही..." तिनं माझ्याकडे पाहिलं. "एवढं रोज?"

किडनीच्या आजाऱ्याचं तोंड बांधणारं पथ्य माझ्या आईच्या आजवरच्या जेवणापेक्षा जास्त होतं. डॉक्टरांना ते कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात विचारलं, "मीठ वरून घेता का?"

"थोडंसंक."

"ते बंद. अजिबात नाही." आणि मला सांगितलं, "नीट ऐका. ह्या जेवायला लागल्या आणि अंगावर जरा मांस आलं, तर क्रिएटिनिन थोडं वाढेल. घाबरायचं नाही. तेव्हा दुसरा रिपोर्ट बघायचा, सिस्टॅटिनचा. जे गेलं ते परत येत नाही. पण आहे ते टिकवलं तर डायलिसिसला बरीच वर्षं लांब ठेवता येईल. सगळं टिकवण्यावर आहे."

मी परतताना भावाला हे सगळं सांगितलं. तो हो हो म्हणाला. त्याचं लक्ष वडिलांकडे होतं. ते गप्प झाले होते आणि तो त्यांची समजूत घालत होता.

पुढचे महिने बरे गेले असं मी म्हणेन. घरात चांगुलपणा नव्हता असं नाही. वहिनीनं चूल घेतली. वडील खाटेवरून उठून पुन्हा वावरात जायला लागले. आईच्या वाटणीची डाळ आधी काढून ठेवायची, असं मी बजावून आले होते आणि वहिनी ठेवत होती. "औषध हाये ना ते," असं सगळे म्हणायचे. औषध म्हटल्यावर आमच्या घरात डाळीला परवानगी मिळाली. अंडं खाताना आई दाराकडे पाठ करून बसायची. प्रेशरची गोळी घ्यायची. पायांची सूज उतरली. उन्हाळ्यात तिचं वजन चाळीस किलो झालं. बांगड्या कोपराकडे सरकायच्या त्या मनगटाजवळ थांबायला लागल्या, आणि मला कुणी दागिना घातल्याचा आनंद झाला.

उन्हाळ्यातच पुन्हा रक्त तपासलं. मालेगावला दिलं; क्रिएटिनिनचा रिपोर्ट त्याच दिवशी भावाच्या मोबाईलवर आला, सिस्टॅटिनचं रक्त बाहेर पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट नंतर माझ्या मोबाईलवर येणार होता. तो आला तेव्हा मी अडतीवर होते. आकडा जुन्या आकड्याशी लावून पाहिला. तेवढाच. एका दाण्यानंही बिघडलेला नाही. मी मालकांना न विचारता काट्यावरून उठले, शेलूबाजारवरून जाणारी एस.टी. पकडली आणि फोनवर न सांगता स्वतः सांगायचं म्हणून दुपारी घरी पोहोचले.

वडील आणि भाऊ जेवायला बसले होते. दोघांच्या ताटात वाटीभर घट्ट वरण. भावाचं होत आलं होतं, वडिलांनी नुकतं ताट ओढलं होतं. आई चुलीजवळ बसली होती, मांडीत वरणाचं भांडं. त्यात पाणी ओतून ती हातानं कडा निपटत होती.

"माय, काय करून राह्यली वं तू?"

ती चपापली. "वाढलं ना माहं."

"काय वाढलं?"

"क्रिएटिन. चांदणी लागली मले." तिचे डोळे भरले. "माह्याच जिभेनं घात केला वं. या वयात अंडे खाल्ले मी."

भाऊ तोंडात घास घेऊनच म्हणाला, "एक पॉइंट तीन झालं. डाळ अन् अंडे चारू चारू वाढलं. म्या सांगतलं, बंद कर सगळं. जीव महत्त्वाचा हाये का डाळ?"

मी ओरडले. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली एवढ्या मोठ्यानं ओरडले. "बाबाले चांदणी लागली तवा घरात पनीर आलं, बदाम आले! मायले लागली तं डाळ गेली! डॉक्टरनं काय सांगतलं होतं? अंगावर मांस आलं की हा आकडा वाढते! तिची किडनी हाये तशीच हाये, हा पाहाय दुसरा रिपोर्ट! हे चांदणी बिमारीची नाही, जेवल्याची हाये! पयल्यांदा पोटभर जेवली ते बाई, तं तुमी तिचं ताट काढून घेतलं!"

भावाला काहीतरी आठवलं असावं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

वडिलांचा हात वाटीकडे गेला होता. मी ती वाटी त्यांच्या पुढ्यातून उचलली आणि आईच्या समोर ठेवली. आई म्हणाली, "अवं पाप लागन वं, त्याइच्या समोरची..." मी तिचा खांदा दाबून धरला आणि पहिला घास माझ्या हातानं तिला दिला.

वडिलांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "भाकर कोरडी झाली. भांड्यात काय उरलं हाये?"

"पाणी," मी म्हटलं. "मायले रोज उरते तेच." आणि ते भांडं त्यांच्यापुढे आदळलं.

त्यांनी वाकून आत पाहिलं. पांढुरकं पाणी, त्यात डाळीची चार फोलकटं. मला वाटलं, आता शिवी येईल. त्यांनी भांडं उचलून भाकरीवर ओतलं, कुस्करलं आणि एक घास खाल्ला. दुसरा घेता घेता हात थांबला. मला त्यांची दया आली नाही.

आईनं तोंडातली डाळ कशीबशी गिळली.

"तसं नाही जात वं ते," ती मला हळूच म्हणाली. "वरून मीठ टाकून दे त्याइले."